ॲग्लोनिमा: सावलीतल्या रंगीत पानांचा हिशेब

नर्सरीत ॲग्लोनिमाच्या कुंडीवर ‘इनडोअर, लो लाइट’ अशी चिठ्ठी असते. घरी आणल्यावर ती कुंडी थेट टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसते. पहिले दोन महिने काहीच बिघडत नाही, कारण झाड नर्सरीतून आणलेल्या शिदोरीवर दिवस काढत असतं. मग खालची पानं पिवळी पडायला लागतात, ‘पाणी कमी पडतंय’ असं वाटून पाणी वाढवलं जातं, आणि एके दिवशी खोड बुंध्याशी मऊ होऊन झाड आडवं पडतं. घरातले बहुतेक ॲग्लोनिमा असेच जातात. त्यांना सावली मारत नाही, सावलीत ओतलेलं पाणी मारतं. उजेड जितका कमी तितकी तहान कमी, एवढं एक सूत्र पक्कं धरलं तर पुढचं सगळं त्याच्या अनुषंगाने येतं.

रंग म्हणजे खर्च

हे झाड अळू आणि सुरणाच्या कुळातलं. मूळचं आग्नेय आशियातल्या दमट जंगलांमधलं. तिथे वर उंच झाडांचं छत, त्यातून गाळून आलेला उजेड आणि खाली पालापाचोळ्याचा भुसभुशीत थर असतो. म्हणून याला ऊन नको पण उजेड हवा, मुळांशी ओल हवी पण चिखल नको.

पानाच्या हिरव्या भागात हरितद्रव्य असतं आणि झाडाचं अन्न तिथे तयार होतं. पांढऱ्या भागात ते नावापुरतंच असतं. घरात कमावणारा एक आणि खाणारे चार, तसं हे. ‘मारिया’सारख्या गडद हिरव्या जातीत कमावते हात भरपूर असतात, म्हणून ती खरोखरच कमी उजेडात तग धरते. ‘सिल्व्हर बे’ आणि ‘सिल्व्हर क्वीन’ मधल्या पायरीवर. ‘स्नो व्हाइट’, ‘सुपर व्हाइट’ आणि ‘लिपस्टिक’, ‘व्हॅलेंटाइन’सारख्या लाल-गुलाबी जातींना मात्र खिडकीजवळची जागा लागतेच. इंडोनेशियातले संकरकार ग्रेग हांबाली यांनी १९८०च्या दशकात सुमात्रातल्या लालसर ॲग्लोनिमाशी संकर करून ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ ही जात तयार केली आणि लाल ॲग्लोनिमांची लाट तिथून सुरू झाली. आज नर्सरीत सगळ्यात जास्त खपतात ते हेच रंगीत प्रकार, आणि चिठ्ठी मात्र सगळ्यांवर एकच असते. पहिलंच झाड घेत असाल तर ‘मारिया’ किंवा ‘सिल्व्हर बे’ घ्या. लिपस्टिक वर्षभराने आणली तरी चालते.

एक दिलासा आहे. मनीप्लांटची एखादी फांदी अचानक पूर्ण हिरवी निघते, तसं इथे सहसा होत नाही. ॲग्लोनिमाची नक्षी त्याच्या रक्तातच असते, त्यामुळे छाटकलमातून आलेलं रोपही तसंच निघतं. अंधारात नवी पानं फिकट, मळकट येतात. उजेड मिळाला की त्यानंतरची पानं पुन्हा रंग धरतात. जुनं पान मात्र सुधारत नाही.

निवड करताना

आपल्याकडे येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून येतात. पुण्याकडच्या लोकांना उरुळी कांचनच्या पट्ट्यातही भरपूर पर्याय मिळतात. मोठ्या झाडाचा मोह टाळा. पाच-सहा इंची कुंडीतलं, दोन-तीन फुटवे असलेलं रोप नव्या घराशी लवकर जुळवून घेतं. पानांपेक्षा बुंधा आधी बघा. खोड मातीत शिरतं तिथे अंगठ्याने हलकं दाबा, ते कडक लागलं पाहिजे. पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो त्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ते रोप तिथेच ठेवा. मधोमध नव्या पानाची घट्ट सुरळी दिसत असेल तर मुळं काम करताहेत असं समजा. घरी आणल्यावर तीन आठवडे ते इतर झाडांपासून लांब ठेवा आणि लगेच कुंडी बदलू नका. अपवाद एकच, माती आंबट वास मारत असेल तर.

उजेड मोजायचा कसा

मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजणारं फुकट ॲप मिळतं. ते अचूक नसतं, पण जागांची तुलना करायला पुरतं. दुपारी बाराच्या सुमारास मोबाइलचा पुढचा कॅमेरा खिडकीकडे करून पानांच्या उंचीवर धरा. ५०० लक्सच्या खाली हिरवी जातसुद्धा नुसती टिकून राहते, वाढत नाही. हिरव्या-चंदेरी जातींना १,००० ते २,५०० लक्स पुरतो, लाल-पांढऱ्यांना २,५०० ते ५,००० हवा. ट्यूबलाइटने उजळलेल्या खोलीत रात्री दोन-तीनशे लक्सच भरतात. आपल्या डोळ्यांना ती खोली लख्ख वाटते, झाडाला ती अंधारीच. ॲप नको असेल तर पानावर हात धरून सावली बघा. कडा पुसट असलेली पण ओळखू येणारी सावली पडली तर जागा चांगली. सावलीच पडत नसेल तर तिथे फक्त मारिया.

पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत ही सगळ्यात सोपी जागा. पश्चिमेच्या खिडकीला पातळ पडदा लागतो, नाहीतर एप्रिलमधल्या एका दुपारीही पानावर कागदासारखे करपलेले डाग पडतात. दक्षिणेची खिडकी फसवी असते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने तिथे ऊन आत येत नाही, पण डिसेंबरात तो खाली उतरतो आणि ऊन थेट सोफ्यापर्यंत पोचतं. मे महिन्यात निर्धास्त बसलेली कुंडी डिसेंबरात भाजते ती यामुळे. उत्तरेचं उलट: मार्चअखेरपासून सकाळी अगदी लवकर आणि संध्याकाळी तिथे तिरकं ऊन शिरतं. सकाळचं चालतं, संध्याकाळचं मे महिन्यात चटका देतं. म्हणजे जागा एकदा ठरवून विसरायची नाही, वर्षातून दोनदा कुंडी हातभर सरकवावी लागते.

खिडकी नसलेल्या ऑफिसात किंवा तळमजल्यावर साधा ९ वॉटचा पांढरा एलईडी बल्ब पानांपासून फूटभर उंचीवर लावून बारा तास चालू ठेवा. दीडेक हजार लक्स मिळतो. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे लागत नाहीत, आणि त्यांच्याखाली पानांचा रंगही नीट दिसत नाही.

झाड स्वतःही सांगतंच. देठ लांबोळे होऊन पानं खिडकीकडे कलली तर उजेड कमी पडतोय. पानं उभी होऊन मिटल्यासारखी दिसली आणि हिरवा रंग फिकटला तर जास्त होतोय. सगळीकडून सारखं वाढावं म्हणून दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा.

माती आणि कुंडी

इथे घाई करू नका, कारण पाण्याच्या निम्म्या चुका चांगली माती पोटात घालते.

नर्सरीतलं रोप पिशवीतून काढलं की मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून ती माती ठीक आहे. घरात मात्र तीच माती बाहेरून सुकते, आत ओलीच राहते आणि एकदा पूर्ण वाळली की विटेसारखी होते. मग वरून ओतलेलं पाणी गोळ्याच्या कडेने खाली निघून जातं. नुसती काळी माती तर कुंडीत घालूच नका.

मिश्रणाचं माप असं: चार वाट्या कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), दोन वाट्या परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), दोन वाट्या गांडूळखत, एक वाटी नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे किंवा लाकडी कोळशाचे खडे, आणि सहा इंची कुंडीला एक चमचा निंबोळी पेंड. परलाइट नसेल तर जाडसर चाळलेली वाळू चालते, पण कुंडी जड होते. समुद्राची वाळू नको. कोकोपीटच्या विटेत क्षार असतात. ती बादलीत भिजवून, पिळून, पाणी फेकून द्या आणि असं दोन-तीनदा करा. शेवटी निघणारं पाणी गडद चहासारखं न दिसता फिकट दिसलं की झालं. तयार मिश्रण मुठीत दाबा. गोळा व्हावा, पण बोटाने टिचकी मारताच सुटावा. सुटत नसेल तर परलाइट वाढवा.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा इंच-दीड इंचच मोठी घ्या. ‘मोठी घेतली की वाढायला जागा’ हा हिशेब इथे उलटतो, कारण मुळं पोचलेली नसतात त्या मातीतलं पाणी कोणी पीत नाही, ते आंबतं. मातीची कुंडी लवकर सुकते, म्हणून मुंबई-कोकणात ती बरी. विदर्भात आणि सतत एसी असलेल्या खोलीत प्लास्टिकची बरी. तळाला खडी किंवा खापराचा थर घालायची जुनी सवय सोडून द्या. पाणी त्या थराच्या वरच अडून राहतं आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

कुंडी बदलायला फेब्रुवारीअखेर ते ऑगस्ट हा काळ चांगला. आदल्या दिवशी पाणी द्या. कुंडी आडवी करून कडा थोपटा आणि बुंधा धरून गोळा बाहेर सरकवा. खोड ओढू नका. लाल मातीचा गोळा असेल तर तो अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, मग बोटांनी खालून वर माती सोडवत या. पन्नास-साठ टक्के निघाली तरी बास, शेवटचा कण काढायच्या नादात केसासारखी मुळं तुटतात. चांगली मुळं पांढरट आणि टणक असतात. करडी, मऊ, ओढल्यावर साल हातात आणि आत दोरा उरतो अशी मुळं सडलेली. ती स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. झाड पूर्वीच्याच खोलीवर लावा, माती ठासू नका, कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटून बसवा. काठाखाली इंचभर जागा मोकळी ठेवा. मग पाणी द्या आणि दोन आठवडे उजेड जरा कमी ठेवा. महिनाभर खत नाही. एखाद-दोन खालची पानं गळली तर त्याचं मनावर घेऊ नका.

पाणी

वाराप्रमाणे पाणी देणं हा सगळ्यात घातक नियम. मधलं बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. तिथे कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर दोन दिवसांनी पुन्हा बघा. बोट घालायचं नसेल तर कुंडी उचला. पाणी दिल्यावर एकदा आणि सुकल्यावर एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून ठेवलं की महिनाभरात बोट लागतच नाही.

द्यायचं तेव्हा पोटभर द्या. सहा इंची कुंडीला साधारण ३०० ते ४०० मिली लागतं. चारही बाजूंनी हळूहळू ओता, खालून थेंब पडेपर्यंत. अर्ध्या तासाने बशीतलं पाणी फेकून द्या. रोज अर्धा कप शिंपडणं म्हणजे वरचा थर सतत ओला आणि खालची मुळं कोरडी. बाहेर शोभेची चिनीमातीची कुंडी असेल तर ती आठवड्यातून एकदा उचलून तळ बघाच. तिथे साचलेलं दोन बोटं पाणी कोणाला दिसत नाही.

वरच्या मिश्रणात, बऱ्या उजेडात, मार्च ते मे चार-सहा दिवसांनी, पावसाळ्यात नऊ-बारा दिवसांनी आणि थंडीत आठ-बारा दिवसांनी पाणी लागतं. हे फक्त अंदाज. अंधाऱ्या कोपऱ्यात तीच कुंडी तीन आठवडेही ओली राहू शकते.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर क्षार साठत जातात, मातीवर पांढरा पापुद्रा येतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. पावसाचं पाणी साठवा, किंवा दोन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू आरपार जाऊ द्या. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत घरोघरी आहे. त्यात मूळ पाण्यातलेच क्षार आणखी दाट झालेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. सकाळी पानाच्या टोकावर स्वच्छ थेंब लटकलेला दिसला तर घाबरू नका. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी झाड तिथून सोडतं. रोजच दिसत असेल तर मात्र पाण्याचं अंतर वाढवा.

खत

याची भूक कमी. विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे खत पाच लिटर पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, घालून मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा नेहमीच्या पाण्याऐवजी द्या. माती कोरडीठाक असेल तर आधी साधं पाणी, दुसऱ्या दिवशी खत. कोकोपीटमध्ये मॅग्नेशियमची उणीव जाणवते, त्यामुळे दोन महिन्यांतून एकदा लिटरला एक ग्रॅम एप्सम सॉल्ट द्या. अंधाऱ्या जागेतल्या झाडाला याच्या निम्मं. थंडीत काही नाही. कांद्याच्या सालींचं पाणी, ताक, चहाचा चोथा हे प्रयोग घरातल्या कुंडीत नकोत, चिलटांना आयतं आमंत्रण मिळतं.

थंडी, कूलर आणि एसी

अठरा ते तीस अंश हा याचा सुखाचा पट्टा. बारा-तेरा अंशांखाली पानं दुखावतात. गडद, तेलकट दिसणारे डाग पडतात, तेही लगेच नाही तर काही दिवसांनी, त्यामुळे लोक त्याला बुरशी समजून औषध मारत बसतात. नाशिक, पुणे, नागपूर भागात डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका. एसीचा झोत आणि कूलरचा वारा थेट पानांवर नको. कूलर असलेल्या खोलीतला दमटपणा याला आवडतो, झोत नाही. पानांवर दिवसातून तीनदा फवारा मारून दमटपणा वाढत नाही, पाच मिनिटांत तो उडून जातो आणि पावसाळ्यात ओल्या पानांवर डाग तेवढे येतात. चार-पाच कुंड्या एकत्र ठेवल्याने थोडा फरक पडतो. पंधरा दिवसांतून एकदा एक हात पानाखाली धरून ओल्या फडक्याने धूळ पुसा. चकाकीसाठी तेल किंवा दूध लावू नका.

काय बिघडलंय ते ओळखणं

सगळ्यात खालचं एखादं पान महिन्या-दोन महिन्यांनी पिवळं होऊन गळत असेल तर ते वयाने. आठवड्यात तीन-चार पानं पिवळी, माती ओली आणि झाड तरीही मलूल, हे मुळं सडल्याचं लक्षण. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात पाणी. झाड काढा, सडकं कापा, नव्या मिश्रणात लहान कुंडीत लावा आणि लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळं सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) घालून एकदा द्या. बुंधाच मऊ झाला असेल तर खालचं सोडून द्या, वरचा कडक शेंडा वाचवा.

पान मलूल, माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर ती साधी तहान. कुंडी पाऊण तास पाण्याच्या बादलीत ठेवा, संध्याकाळपर्यंत पान उठतं.

देठांच्या बेचक्यातला पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली भांड्यांचा द्रव साबण घुसळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून पुढची पिढी बाहेर पडते. उन्हाळ्यात पानांची मागची बाजू धुळकट आणि बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. आधी नळाच्या धारेने पानं धुवा, मग हीच फवारणी. मातीवर भिरभिरणारी काळी चिलटं मोठ्या झाडाचं फारसं बिघडवत नाहीत, पण माती सतत ओली आहे हे मात्र नक्की सांगतात. वरचे दोन इंच सुकू द्या, एक पिवळा चिकट सापळा लावा.

पावसाळ्यात पाणचट डाग, त्याभोवती पिवळं वलय आणि कुजका वास आला तर तो जिवाणूंचा रोग. त्यावर घरगुती उपाय नाही. पान देठापासून कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. कुंड्या लांब लांब ठेवा आणि पानांवर वरून पाणी घालणं बंद करा.

खाज आणि हवेची शुद्धी

अळूसारखेच याच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कापताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. पान चावणाऱ्या मांजराच्या किंवा रांगत्या बाळाच्या तोंडाची आग होते, म्हणून कुंडी उंचावरच. ‘हवा शुद्ध करणारं झाड’ म्हणून जास्त पैसे देऊ नका. तो दावा १९८९च्या नासाच्या प्रयोगावरून आलाय, आणि तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार खऱ्या घरात खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील.

रोपं करणं

झाड दोन-तीन वर्षांत खालून उघडं पडतं. वर पानांचा झुपका, खाली उसासारखं गाठी-गाठींचं खोड. तेव्हा जून-जुलैत छाटा. शेंड्याचा चार ते सहा इंचांचा तुकडा डोळ्याच्या, म्हणजे खोडावरच्या गाठीच्या, जरा खाली कापा, वरची तीन-चार पानं ठेवून बाकीची काढा. काप तासभर सुकू द्या. पाण्यात ठेवायचा तर दोन डोळे बुडतील एवढंच पाणी, आणि ते दर तीन-चार दिवसांनी बदलायचं. तीन ते पाच आठवड्यांत मुळं दिसतात. ती दोन इंचांची झाली की लगेच मिश्रणात लावा, पाण्यात वाढलेली लांब मुळं मातीत गेल्यावर रुसतात. थेट कोकोपीट-परलाइटमध्ये लावला तर दिसत काही नाही, पण बदलीचा त्रास वाचतो. तुकडा हलक्या हाताने ओढला आणि धरून राहिला की मुळं आली.

उरलेल्या उघड्या खोडाचे दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करून ओल्या मिश्रणावर आडवे, अर्धे रुतलेले ठेवा आणि वर पारदर्शक डबा उपडा घाला. रोज पाच मिनिटं तो उघडा. दीड-दोन महिन्यांनी डोळा फुगून हिरवी सुरळी वर येते. मूळ कुंडीतला बुंधा फेकू नका. पाणी निम्म्याने कमी करा, कारण आता पिणारी पानंच नाहीत. खालून दोन-तीन फुटवे येतात. शेंड्याचं रोप एकटं लावलं तर काठीसारखं दिसतं, म्हणून तीन शेंडे एका सहा इंची कुंडीत, त्रिकोणात, कडेपासून दोन बोटं आत लावा.